दोनशे साठ किलो

लॅची, त्या पिंपात अजून दोन लाकडं टाक रे, आग बसत चाललीय. आणि टेगन, पांघरूण नीट घे. पहाटे निघायचंय तुम्हाला, माहीत आहे मला. पण मघाशी मी विचारलं, की गाडीमागे ओढायची ही राहायची कॅरव्हॅन कोणाकडून घेतलीत, तर तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. म्हणून एक गोष्ट सांगतो.

"भुताची आहे का, वॉरनकाका?"

ऐक आधी, मग ठरव. क्लाइव्ह नोस्केच्या बाबतीत घडलेली आहे. तो अजून आहे, चर्चच्या मागच्या गल्लीत राहतो. पण त्याला विचारायला जाऊ नका, तो उठून आत जाईल.

तीन वर्षं झाली. एकवीस जूनची रात्र. आपल्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, वर्षातली सगळ्यात लांब रात्र, आणि थंडी अशी की गवत पायाखाली कुरकुरत होतं. मी तेव्हा धान्य साठवायच्या सायलोच्या, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर होतो आणि फाटकाजवळच्या खोलीतच राहायचो. गव्हाचा हंगाम नव्हता, त्यामुळे आवारात चिटपाखरू नव्हतं. क्लाइव्ह संध्याकाळी आला तो नुसतं कॅरव्हॅनचं वजन करायला.

आता क्लाइव्हची तयारी म्हणजे काय विचारू नका. दीड वर्ष तो त्या गाडीखाली पाठीवर पडून होता. कांगारू आडवा आला तर म्हणून पुढे लोखंडी कठडा, दुसरी बॅटरी, दोन जादा चाकं. मागच्या स्प्रिंगा तर अशा जाड, की चार माणसं चढवली तरी गाडी वाकणार नाही. आत जाणारी एकेक वस्तू त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती. बायकोच्या सपातासुद्धा! मी त्याला म्हणायचो, "अरे, तू वाळवंटात चाललायस की चंद्रावर?"

तो हसायचा नाही. कारण हे सगळं बायकोसाठी, हेदरसाठी होतं. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आणि त्या पलंगावर पडल्यापडल्या तिने एकच मागितलं होतं. बरी झाले, तर मला उत्तरेला घेऊन जा, सगळा कच्चा रस्ता तुडवत, पार समुद्राला लागेपर्यंत. ती बरी झाली. क्लाइव्हने शेत विकलं. फक्त एक अट तिने घातली होती. कॅरव्हॅन जुनी चालेल, पण मेलेल्या माणसाच्या बिछान्यात मी झोपणार नाही. दवाखान्यात शेजारचे दोन पलंग तिच्या डोळ्यांदेखत रिकामे झाले होते, त्याचा तिने धसका घेतला होता.

आणि क्लाइव्हने घेतली मर्व्ह हॅगरची कॅरव्हॅन.

मर्व्ह म्हणजे तो, वाळवंटात बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर हरवलेला. गाडी बंद पडली, दगड लागून कॅरव्हॅनखालच्या टाक्या फुटल्या, सगळं पाणी मातीत गेलं. गाडीपाशी थांबला असता तर तिसऱ्या दिवशी सापडला असता. पण हा कॅन घेऊन पाणी शोधायला चालत निघाला. गाडी मिळाली. तो नाही मिळाला, आजतागायत. त्याच्या बहिणीने कॅरव्हॅन कवडीमोलाने फुंकून टाकली. क्लाइव्हने टाक्या बदलल्या, त्यांच्याखाली जाड पत्रा ठोकला, आणि हेदरला सांगितलं की एका मास्तरीणबाईंची आहे. गावात सगळ्यांना खरं माहीत होतं, तिला सोडून.

तर संध्याकाळी कॅरव्हॅन काट्यावर चढवली. टाक्या काठोकाठ भरलेल्या, आत माणूस कोणी नाही. गाडी सोडवून पुढे खडीवर उभी केली. खोलीतल्या लाल आकड्यांवर मी वाचलं, दोन हजार सहाशे चाळीस.

"तुझा काटा बिघडलाय," क्लाइव्ह म्हणाला. "माझ्या हिशोबाने ऐंशी किलो कमी पाहिजे."

"काट्याला नावं ठेवू नकोस. हेदरने केकचे डबे लपवले असतील."

"मी लपवते?" हेदर बाहेरून ओरडली. "वॉरन, तुझ्या पोटात गेले नसते तर आणखी चार असते!"

हसलो आम्ही. क्लाइव्हने दोनदा सगळं तपासलं, ऐंशी किलो काही सापडेनात. शेवटी कंटाळून म्हणाला, राहू दे, मर्यादेच्या आत आहे. घर त्यांनी भाड्याने दिलं होतं, त्यामुळे रात्री तिथेच, काट्यावरच्या कॅरव्हॅनमध्ये झोपायचं आणि उजाडायच्या आत निघायचं, असं ठरलं.

रात्री क्लाइव्हला झोप येईना. मध्यरात्र उलटल्यावर माझ्या खोलीत दिवा बघून आला. मी चहा टाकला. बोलत बसलो, चाकात हवा किती ठेवायची, पहिलं डिझेल कुठे भरायचं, असलंच काहीतरी.

तेवढ्यात दारात हेदर. अंगावर क्लाइव्हचा कोट.

"तू इथे आहेस होय?" ती म्हणाली. "मग आत पाणी कोण पितंय?"

"काय?"

"मला वाटलं तूच. किती वेळ झाला, गट गट गट गट. मी म्हटलंसुद्धा, अरे श्वास तरी घे! आणि आता मी नळ सोडला तर नुसती हवा. टाकी गळतेय तुझी."

क्लाइव्ह टॉर्च उचलून उठला. बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. हेदर कुडकुडत होती, ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने हीटर लावला.

क्लाइव्ह कॅरव्हॅनखाली सरपटला. दोन्ही टाक्यांवर त्याने बोटांनी ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. दोन्ही रिकाम्या.

"गळलं असेल," मी म्हणालो.

"बघ," तो म्हणाला. त्याने टॉर्च खाली फिरवला. काट्याचं लोखंड कोरडं. पत्र्यावर संध्याकाळची धूळ तशीच. एक थेंब नाही.

एकशेऐंशी लिटर पाणी, पोरांनो. थेंब नाही.

आम्ही पाने-पकडी घ्यायला खोलीत परत आलो. मी सहज वर पाहिलं, लाल आकड्यांकडे. आणि हातातला पाना मी हळूच टेबलावर ठेवला.

"क्लाइव्ह, टाक्या रिकाम्या आहेत ना?"

"आहेत."

"आत कोणी नाही?"

"कोण असणार?"

"मग हे वाच."

दोन हजार सहाशे चाळीस. संध्याकाळी होतं तेवढंच. एक किलो कमी नाही.

पाणी टाकीत नव्हतं. पण पाणी कॅरव्हॅनमध्ये होतं. कशात होतं... ते आम्ही दोघंही एकमेकांना म्हणालो नाही.  क्लाइव्ह अगदी हळू म्हणाला, "मर्व्ह..."

आणि आकडे हलले.

आमच्या डोळ्यांसमोर. सहाशे चाळीस... पाचशे... मग एकदम तीनशे ऐंशी. आणि थांबले.

मी आयुष्यभर वजनं केलेली. माल पडला की आकडे कसे पडतात, माणूस उतरला की कसे पडतात, मला झोपेत कळतं. एक पाय आधी. मग दुसरा.

कोणीतरी काट्यावरून उतरलं होतं. दोनशे साठ किलोचं. संध्याकाळी न सापडलेले ऐंशी, वर टाक्यांतलं सगळं पाणी.

खिडकीतून कॅरव्हॅन दिसत होती. दार बंद. पायरी रिकामी. सगळीकडे शांत... वारासुद्धा नव्हता.

मग खडी वाजली.

एकदा.

पुन्हा एकदा. जड. सावकाश.

कॅरव्हॅनकडून... गाडीकडे.

मला ओरडायचं होतं.  क्लाइव्हने माझं मनगट धरलं होतं, ते नंतर आठवडाभर काळंनिळं होतं. गाडीतला छोटा दिवा पेटलेला. हेदरचं डोकं दिसत होतं, मागून. केसांना तिने रुमाल बांधला होता.

खट्. मागचं दार उघडल्याचा आवाज. दार हललेलं मी पाहिलं नाही. आवाज ऐकला.

आणि गाडी बसली. त्या जाड स्प्रिंगा... करकरल्या. गाडीचं मागचं अंग खाली गेलं, आणि खालीच राहिलं.

हेदर वळली नाही. काच थोडी खाली होती, तिचा आवाज स्वच्छ येत होता.

"हळू की रे, क्लाइव्ह. किती जोरात बसतोस."

क्लाइव्ह माझ्या शेजारी उभा होता.

"सापडलं का भोक?" ती म्हणाली.

शांत.

"जाऊ दे. भरू पुन्हा. निघायचं ना मग?"

शांत...

मग क्लाइव्ह धावला. तो माणूस धावला ते मी विसरणार नाही, साठी उलटलेला, गुडघे गेलेला. पुढचं दार ओढलं आणि तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तो आला होता त्या बाजूला, माझ्या खोलीकडे पाहिलं. कळलं तिला.

"मागे बघू नकोस," क्लाइव्ह म्हणाला. "हेदर, माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे."

ती आली तशीच, मागे मागे सरकणाऱ्या क्लाइव्हच्या तोंडाकडे बघत. मी दार लावलं, कडी घातली, टेबल आडवं टाकलं. तिघं जण हीटरपुढे खाली बसलो. आकड्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. भीती वाटत होती, पोरांनो. लाज कसली त्यात? 

मग क्लाइव्हने तिला सांगितलं. मर्व्हचं नाव, टाक्यांचं, बहिणीचं, सगळं. मास्तरीणबाई कोणी नव्हत्या. सांगताना तो रडला. मला वाटलं होतं ती त्याला फाडून खाईल. तिने नुसता कोट अंगाभोवती आवळून घेतला.

मग म्हणाली, "मी विचारलं ना, निघायचं ना म्हणून..."

"हो."

"तो हो म्हणाला, क्लाइव्ह."

तिने दाराकडे पाहिलं.

"मला वाटलं थंडीने तुझा घसा बसलाय."

ती रात्र संपता संपेना. एकवीस जून! खिडकी करडी व्हायला लागली, सायलोवरचे गालाह पक्षी किंचाळायला लागले, तेव्हा कुठे आम्ही टेबल बाजूला केलं. हेदर दाराच्या आत उभी राहिली. "मी त्या गाडीत बसणार नाही. आज नाही, कधीच नाही," ती म्हणाली, आणि क्लाइव्हने मान डोलावली. दीड वर्षाची मेहनत, पण त्याने दुसरा शब्द काढला नाही. सामान तरी काढून घेऊ, म्हणून आम्ही दोघं बाहेर गेलो.

गवतावर दहिवर गोठलं होतं. गाडी तिथेच. पुढचं दार उघडं, हीटरने बॅटरी खाऊन टाकलेली. मागची दारं बंद. मी काचेवरचं दव बाहीने पुसलं आणि आत पाहिलं.

सीट कोरडी. मळ नाही, ओल नाही, कोणी बसल्याची खूण नाही.

फक्त पट्टा लावलेला होता. खांद्यावरून कमरेपर्यंत, खटक्यात नीट अडकवलेला, प्रवासाला निघताना लावतात तसा.

"तू लावलास?" मी विचारलं.

क्लाइव्हने मान हलवली. नाही.

आणि पट्टा सीटला टेकलेला नव्हता, लॅची. तो पुढे फुगून उभा होता... ताणलेला.