दार नसलेलं रक्त

प्रतिभा गेडामने काचेची नळी उजेडात धरून हलवली आणि कपाळावर हात मारून घेतला. तळाशी तांबड्या पेशींचा गठ्ठा जसाच्या तसा! रक्तपेढीतली एकही पिशवी जमुना नरोटेला चालत नव्हती, गट जुळत असूनही. सातवा महिना, अंगात रक्त नाही, बाई पायरी चढताना धापा टाकत होती, आणि इथे प्रतिभाचं डोकं भणभणायला लागलेलं.

गठ्ठा झाला म्हणजे जमुनाच्या रक्तद्रवात परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिपिंडं होती. एखाद-दुसऱ्या पिशवीतल्या पेशींवर तुटून पडली असती तर प्रतिभाने दुसरी पिशवी शोधली असती. ही मेली सगळ्यांवरच उठली होती. सोडल्या त्या फक्त जमुनाच्या स्वतःच्या पेशी.

"जमुना, खरं सांग, कधी रक्त चढवलंय तुला?"

"नाही जी मॅडम. मले काहून चढवतील? आमच्या गावात कोणाले साधा हिवतापही येत नाही."

ते मात्र खरं होतं. जमुना लहान असताना तिच्या अख्ख्या गावाला हिवतापावरचा नवा उपचार मिळाला होता. हा जंतू तांबड्या पेशीवरच्या एका प्रथिनातून आत शिरतो. ते त्याचं दार. एका इंजेक्शनने हाडांतल्या मज्जेला असं काही शिकवलं, की ती बिनदाराच्याच पेशी घडवू लागली. जंतू बाहेरच ताटकळला. गावाने तेव्हा ढोल वाजवले होते.

प्रतिभा थबकली. बिनदाराच्या?

बाकावर जमुनाची धाकटी बहीण रासो बसली होती; ते इंजेक्शन तिलाही मिळालं होतं. "ये गं इकडे, बोट दे." रासोचा गटही तोच निघाला. तिच्या पेशी जमुनाच्या रक्तद्रवात घातल्या, फिरवल्या, हलवल्या. मोकळ्या सुटल्या! प्रतिभा आनंदाने ओरडलीच. जमुनाच्या शरीराला ते दारच परकं वाटत होतं, आणि पेढीतल्या प्रत्येक पिशवीत ते होतं.

डॉक्टर देवतळे धावत आल्या. सगळं ऐकून आधी हसल्या, मग जमुनाचे कागद उलटून पाहू लागल्या.

"पण तिच्या शरीराला ते दार दिसलं कुठे, प्रतिभा? रक्त तर कधी चढवलं नाही."

प्रतिभाची नजर जमुनाच्या पोटाकडे गेली. उपचार मज्जेपुरता होता, बीजापर्यंत पोचलाच नव्हता. जमुनाचा थोरला मुलगा दार घेऊनच जन्मला होता. बाळंतपणात त्याचे चार थेंब आईच्या रक्तात मिसळले आणि तिचं शरीर तेवढ्यावर शिकून बसलं. तो सुखरूप सुटला. पण हे दुसरं?

देवतळेबाईंनी लगेच सोनोग्राफी केली. बाळाच्या मेंदूकडे रक्त फार वेगाने धावत होतं. म्हणजे त्याच्याही अंगात रक्त उरलं नव्हतं.

"तुझी प्रतिपिंडं नाळेतून जाऊन बाळाच्या पेशी फोडतायत," त्या जमुनाला म्हणाल्या. "रासोचं रक्त तुला देऊ. बाळालाही नाळेतून देऊन बघू. वाचेल असं वाटतंय."

रासोने बाही वर सारली. जमुना गोंधळून एकदा डॉक्टरीणबाईंकडे, एकदा प्रतिभाकडे बघत राहिली.

"माह्या बाळाले रासोचं रक्त चालते," तिने पोटावर हात ठेवला, "मंग त्याचं रक्त माह्याच अंगाले काहून चालत नाही, मॅडम?"