सुंभ भरलेला सायलेन्सर

वास आला म्हणून मी थांबले.

मीना सलमान बंदराच्या रस्त्यावर एरवी डिझेल आणि मासळीशिवाय दुसरा वास नसतो. पण जानेवारीतल्या त्या संध्याकाळी शिपिंग ऑफिसातलं टायपिंग आटोपून मी बसकडे निघाले, तर वाऱ्यावर चक्क वसईचा वास! आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत नारळाची सोडणं जळतात ना, अगदी तो. इथे, बहरीनमध्ये?

मला चौकशा फार. आई म्हणते, सेलिनचं नाक सेलिनच्या आधी घरात शिरतं. बस गेली तर गेली... मी वासामागे निघाले.

दोन गोदामांच्या मधल्या शेडमध्ये एक बुटकी लाल स्पोर्ट्स कार उभी होती. दोनच सीटची. मागच्या नळीतून पांढरा धूर येत होता आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"भाईसाब! आपका गाडी जल रहा है!"

पाय दचकले. ठण्णकन डोकं आपटलं. "आवशीक खाव!" म्हणत एक सावळा तरुण कपाळ चोळत बाहेर आला.

"मराठी?" मी विचारलं.

"वेंगुर्ल्याचो. गुंडू परब, वेल्डर." त्याने धुराकडे पाहिलं. "गाडी नाय जळत. सुंभ जळता."

"सुंभ? काथ्याचा दोर?"

"गलबतावरचो जुनो. फुकट गावलो."

मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरने ती गाडी त्याला भंगाराच्या भावात दिली होती. सायलेन्सर गंजून गळून पडलेला. नवा विलायतेहून मागवणं खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून गुंडू स्वतःच बनवत होता. एका नळीला भोकंच भोकं पाडायची, तिच्यावर मोठी नळी चढवायची आणि मधल्या पोकळीत काहीतरी ठासून भरायचं.

"भोकं कशाला?"

त्याने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "आवाज भोकांतून भरणात शिरता. थय फिरून फिरून दमता. मग बाहेर येता तो शहाण्यासारखो."

"आणि भरणच पेटलं तर?"

"तर तुमच्यासारखी माणसां येतत," तो हसला.

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तुमचा काय विचार?"

"उद्या दुसरा कायतरी भरतलंय. येवा बघूक."

मी गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. खरं तर मी नव्या भानगडीत पडायलाच नको होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. अजून दोन वर्षं राहणार की परत जाणार, ते महिनाअखेरच्या गुरुवारी साहेबांना सांगायचं होतं. वसईत आईने स्थळ बघून ठेवलं होतं, आणि इथे माझं होतं तरी कोण? परत जायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. गुंडूलाही मी तसं सांगून टाकलं होतं. त्यावर तो नुसता पाना पुसत राहिला.

त्याने भांडी घासायची तार भरली, तर ठिणग्या उडाल्या. मग चिंध्या भरल्या, आणि आम्ही दोघं खोकून खोकून बेजार!

"एवढा हुशार वेल्डर तू, आणि चिंध्या?"

"बघूया म्हटलं..." तो नजर चुकवत म्हणाला.

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

बुधवारी मला युक्ती सुचली. आमच्या गोदामात एसीच्या डक्टवर गुंडाळायची ग्लासवूल नावाची लोकर येते. तिला आग लागत नाही. फाटक्या गठ्ठ्यातली थोडी मागायला मी गोदाम सांभाळणाऱ्या हमीदकडे गेले. तो पोट धरून हसला.

"गुंडू के लिए? उसको तो मैंने कब का दे दिया! रस्सी जला ना, उसका दूसरा दिन. पूरा थैला, खलास!"

मी तशीच तरातरा शेडमध्ये गेले. गॅसच्या सिलिंडरमागे खरंच पोतं होतं. मी हात घालून मूठभर लोकर ओढली. "हे काय आहे?"

"हात लावू नको! काच असता ती!"

उशीर झाला होता. मनगटाला बारीक बारीक टोचायला लागलं. त्याने सेलोटेपचा तुकडा तोडला, माझ्या मनगटावर हलकेच दाबला... आणि अलगद ओढला. पुन्हा एक तुकडा. पुन्हा एक. टोचणं कधीच थांबलं होतं, पण मी सांगितलं नाही.

"का लपवलंस?" मी हळूच विचारलं.

"सायलेन्सर झालो असतो, तर तू कित्याक येतलंस?"

"उद्या गुरुवार आहे, गुंडू. साहेबांना काय सांगू?"

तो उठला, गाडीत बसला आणि सायलेन्सरशिवायच इंजिन चालू केलं. अख्खी शेड हादरली. त्या गदारोळात, माझ्याकडे न बघता, तो काहीतरी बोलला. भित्रा कुठला!

"काय? ऐकू येत नाही!"

त्याने मान वर केली. पुन्हा बोलला. शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याचे डोळे दिसले, आणि ते पुरेसं होतं. मी ख्रिस्ती, तो परब. आईशी भांडण होणार, चांगलं कडाक्याचं होणार. तरी मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

मी जीव तोडून ओरडले, "राहतेय मी! मला तू आवड—"

त्याने चावी फिरवली. इंजिन बंद.

"—तोस!"

तेवढी दोनच अक्षरं पत्र्यांवर आपटत थेट धक्क्यापर्यंत गेली असावीत. पोती वाहणारे हमाल वळून बघू लागले. गोदामाच्या दारातून हमीदने हात उंचावला, "मबरूक, मुबारक हो! यल्ला गुंडू, अब तो सायलेन्सर लगा दे!"

गुंडू कानापर्यंत लाल झाला आणि तोंड लपवायला पोतं घेऊन गाडीखाली शिरला. मी स्कर्ट सावरला आणि त्याच्या शेजारी खाली सरकले.

"सरक जरा," मी म्हटलं. "कसा बसतो ते मला बघायचंय."