वेदारण्यमचा पत्ता

चेन्नईत अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणानंतर सगळे चहाला खाली उतरतात. त्या दिवशी मी उतरले नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी बसवत होते.

काम साधं असतं. प्रॉक्सी म्हणजे मधला संगणक. आपण एखादी साइट उघडली की मागणी आधी त्याच्याकडे जाते, आणि तो ती स्वतःच्या नावावर पुढे पाठवतो. समोरच्याला पत्ता दिसतो तो त्याचा, आपला नाही. ग्राहकांच्या संगणकांवर हे मी कितीदा केलं असेल. स्वतःसाठी पहिल्यांदाच करत होते, आणि कारण विजयेंद्र होता.

त्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. दोन्ही घरं तंजावुरी मराठी, जुन्या ओळखीतली. मग तो माझा फोन तपासू लागला. मी कुठल्या गाडीने आले, डब्यात शेजारी कोण होतं, विचारू लागला. एकदा जॉर्ज टाउनच्या भर बाजारात त्याने माझं मनगट असं पिळलं की काचेची बांगडी फुटून आत रुतली. मी लग्न मोडलं, नंबर बदलला, तांबरमला बायकांच्या हॉस्टेलमध्ये खोली घेतली. थोड्याच दिवसांत तो समोरच्या बसथांब्यावर दिसला. नुसता उभा.

त्याला कसं कळलं ते मला नंतर उमगलं. नोकरीच्या जाहिरातीसारखी एक मेल आली होती आणि मी तिच्यातली लिंक उघडली होती. ती त्याने पाठवलेली. लिंक उघडणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता त्याच्याकडे जायचा. त्यावरून भाग कळतो, घर कळत नाही. घर त्याने पायी हिंडून शोधलं असणार.

म्हणून तांबरममध्येच दुसरं हॉस्टेल, आणि आता हा प्रॉक्सी. एका फुकट सेवेचा पत्ता मी भरला आणि आपण कुठे आहोत ते सांगणारी साइट उघडली. उत्तर आलं, वेदारण्यम.

मला हसू आलं. वेदारण्यम म्हणजे दूर दक्षिणेकडची मिठागरं आणि समुद्र, एवढंच मला ठाऊक. तिथे मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्याची पुढची मेल आली तेव्हा तिच्यातली लिंक मी मुद्दाम उघडली. फिरू दे त्याला मिठात.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "समुद्राकाठी गेलीस? बरं केलंस."

कितीतरी दिवसांनी मी खिडकी उघडी ठेवून बसले.

ब्राउझर मला वेदारण्यमचं हवामान दाखवू लागला, तिथल्या सुताराच्या, बोटीच्या इंजिनांच्या जाहिराती दाखवू लागला. हे व्हायचंच होतं. मग शोधायच्या चौकटीत, मी एक अक्षरही टाइप करण्याआधी, जुने शोध उमटायला लागले. तमिळमध्ये. मी न केलेले. 'कडीचा गंज कसा काढावा.' 'दोघांच्या भाताला पाणी किती.' सेवा फुकटची आहे, कुणाचं तरी कुणाला दिसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

एके दिवशी त्यांत एक मराठी ओळ आली. 'बांगडी रुतल्याचा व्रण जातो का?'

मी बाही खाली ओढली.

आमचा नेटवर्कचा माणूस कार्तिक. त्याला व्रणाचं काही सांगितलं नाही, नुसता प्रॉक्सीचा पत्ता दाखवला. त्याने बराच वेळ खटपट केली.

"रंजनी, हा पत्ता मेलेला आहे," तो म्हणाला. "इथे कुठलंच मशीन नाही."

"आत्ताच यातून साइट उघडली मी."

"उघडणार नाही. शक्यच नाही."

त्याने माझ्यासमोर सेटिंगमधून प्रॉक्सी काढून टाकला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. मी तीच साइट लावली.

वेदारण्यम.

"जुनं काहीतरी साठून राहिलं असेल," कार्तिक म्हणाला. खुर्ची मागे सरकवून तो उठला आणि मग दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

शनिवारी दुपारी मी हॉस्टेलच्या खोलीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा विजयेंद्रची मेल आली. "पोचलो. गाव लहान आहे."

जरा वेळाने दुसरी. "निळं दार. तू आतच आहेस."

पत्त्यावरून गाव कळतं, घर कळत नाही. मी ते स्वतःशी मोठ्याने म्हटलं. ओला टॉवेल हातातच राहिला होता.

तिसरी आली. "उघडलंस एकदाचं दार. किती वाळलीस गं."

गप्प बसले असते तर सुटले असते. त्याला हवी होती ती त्याला मिळाली होती. तो पुन्हा तांबरमला आला नसता. पण ते दार कुणीतरी उघडलं होतं, आणि ती मी नव्हते. मी लिहिलं, "विजयेंद्र, ती मी नाही. मी तांबरममध्येच आहे. तिथून आत्ताच्या आत्ता नीघ."

आपणच आपला ठावठिकाणा त्याला दिला, हे पाठवल्यावर लक्षात आलं. तरी परत घ्यावंसं वाटलं नाही.

उत्तर लगेच आलं. "समोर बसून हे काय लिहितेस?"

"तिच्याकडे नीट बघ. नीघ."

मी टॉवेल दोरीवर टाकला तोवर त्याची पुढची मेल आली.

"तू मोबाइल खाली ठेवलास. तरी हे येतंय."

मी लिहीत राहिले. नीघ. दार उघड आणि नीघ.

शेवटी नुसतं एक नाव आलं. "रंजनी". पुढे काही नाही.

संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. मग त्याच्या आईला, त्रिपुरसुंदरीमामींना फोन लावला. मी परकर घालून हिंडत होते तेव्हापासून मामी मला ओळखतात. त्यांचा नंबर पाठ होता. माझा नवा नंबर त्यांना माहीत नव्हता.

"मामी, मी रंजनी."

"हौ, सांग गं. कुणाच्या फोनवरून बोलतेस? काही सांगायचं राहिलं का?"

"राहिलं म्हणजे?"

"मघाशीच बोललीस की. जेवून झोपलाय म्हणालीस. उठवू नका म्हणालीस."

मी उठून खिडकी लावून घेतली.

"मामी, ती मी नव्हते. ऐका, त्याला शोधायला हवं. पोलिसांना..."

"ऐयो, काय बोलतेस हे?" मामी थांबल्या. "जरा थांब, मध्येच दुसरा फोन येतोय." फोन कानापासून दूर गेल्याची खरखर झाली. "अगं, इथे तुझंच नाव दिसतंय."

माझा जुना नंबर. तो मी कधीचा बंद केला होता.

"घेऊ नका, मामी."

त्यांनी घेतला.

माझ्या कानात थांबायला सांगणारी धून वाजू लागली. खाली तांबरमहून सुटलेली लोकल गेली, खिडकीची काच थरथरली. मी फोन ठेवला नाही.

धून थांबली. मामी परत आल्या. आवाज त्यांचाच, पण जपून, अनोळखी माणसाशी बोलावं तसा.

"तुम्ही कोण बोलताय?"