डॉलरची खूण

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका मसाल्याच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. बाहेर मिरचीचा खाट, आत एसीचा गारठा. सत्त्याऐंशी साली अंधेरीत एसी साहेबांनाही नसायचा, पण कॉम्प्युटरला असायचा. त्याच्यासाठी चपला बाहेर काढाव्या लागत, देवळात काढतात तशा.

प्रेमा तिथे दोन वर्षं होती. काम आसपासच्या कारखान्यांच्या हजेरीचं. हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर डॉलरची खूण दिसली की समजायचं, मशीन तुमची वाट बघतंय. हुकूम टाइप करा, मशीन काम करील आणि डॉलर परत येईल. पुष्कळ हुकूम एकत्र लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. हे सगळं तिला सहदेव परबांनी शिकवलं. परब कुडाळचे, राहायला मुलुंडला. त्यांच्या स्क्रिप्टा मालवणीत प्रश्न विचारायच्या. नोकरी सोडून गेलेल्याचं नाव मशीनमधून काढायचं असलं की रोमन अक्षरांत उमटायचं, 'दशरथाक काडू काय?' 'हो' लिहिलं की दशरथ गेला, डॉलर आला. नवे लोक हसायचे.

संध्याकाळी प्रेमा निघाली की परब पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "तू जा गो. माका उशीर होतलो."

त्याच खुर्चीत एका दुपारी ते गेले. हार्ट. डबा उघडायचा राहिला होता.

श्यामसुंदर साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नाव काढायला सांगितलं. प्रेमाला ते बरं वाटेना. दिवस तरी होऊ द्यावेत. तिने चालढकल केली. दहाव्या दिवशी मात्र साहेब ओरडले, तेव्हा ती बसली.

'सहदेवाक काडू काय?'

'हो.'

डॉलर आला नाही. अक्षर जिथे उमटायचं तिथला हिरवा ठोकळा नुसता लुकलुकत राहिला. काम मध्येच तोडायची कळ तिने दाबली, काही नाही. दुसऱ्या पडद्यावर बसून स्क्रिप्ट वाचली. जेमतेम दहा ओळी, थांबण्यासारखं त्यात काही नव्हतं. करून पाहावं म्हणून नोकरी केव्हाच सोडून गेलेल्या एका माणसाचं नाव दिलं, ते चटकन गेलं. परबांचं तेवढं जाईना.

अकरा वाजत आले. मुलुंडला आता पिंड ठेवला असेल, असं तिच्या मनात आलं. चिपळूणला आजोबांच्या वेळी तिने पाहिलं होतं. कावळा शिवत नाही म्हटल्यावर घरातले एकेक जण पुढे होतात, गेलेल्याचं काय राहिलंय ते करायचं कबूल करतात.

वेडेपणाच तो. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अडकलेल्या पडद्याशी परत येऊन तिने टाइप केलं : 'तुमचं जे राहिलंय, ते मी करीन.'

एरवी असलं काही लिहिलं की मशीन 'हा हुकूम मला ठाऊक नाही' असं तोंडावर सांगायचं. आता ते काही बोललं नाही. डॉलर आला.

दुसऱ्या दिवशी परबांचा भाऊ सीताराम त्यांच्या चपला न्यायला आला. डोकं नुकतंच भादरलेलं.

"कावळो शिवाक तयार नाय," तो म्हणाला. "पोरांचा बघतंय म्हटलंय, आवशीक सांभाळतंय म्हटलंय. काय नाय. अकराच्या सुमाराक एकदम इलो, पिंडाक शिवलो नि गेलो. कोणी काय कबूल केल्यान, देव जाणे."

"त्यांचं काय राहिलं होतं?" प्रेमाने विचारलं.

"त्याचा काय? ह्या मशीन. ह्येका सोडून त्याचो पाय निघा नाय."

प्रेमाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. चंद्रप्रकाश बडोद्याला नोकरीला, लग्नानंतर तिथेच बिऱ्हाड. राजीनामा दिलेला, पत्रिका छापून आलेल्या. आणि तिचा पाय निघेना. संध्याकाळी उठायची आणि परत बसायची. चंद्रप्रकाश मुंबईत आला, खाली बसस्टॉपवर ताटकळला, शेवटी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला.

"तू जा रे," ती म्हणाली. "माका उशीर होतलो."

"हे काय नवीन?" तो हसला.

प्रेमा हसली नाही. तिच्या घरात मालवणी कोणी बोलत नव्हतं. त्या रात्री ती आईला बिलगून रडली. तिला जायचं होतं, काही करून जायचं होतं.

तिच्या जागी शकु आली. मूळची जालन्याची, घाटकोपरला मामाकडे राहायची, जिभेने तिखट. परबांना तिने पाहिलंही नव्हतं. प्रेमाने कावळ्याची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आमच्यात नाय ते पिंडबिंड. कावळ्याला कोण विचारतंय, ताई!"

शेवटच्या दिवशी प्रेमाचं नाव काढायला शकुच बसली.

'प्रेमाक काडू काय?'

'हो.'

डॉलर आला नाही.

"अडकलं वाटतं," शकु म्हणाली.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. ती स्क्रिप्टमध्ये नव्हती. प्रेमाला प्रत्येक ओळ पाठ होती.

'मग ह्यां कोण बघतलो?'

"म्हणजे हे कोण बघणार, असंच ना?" शकुला गंमत वाटली. "भारी लिहायचे हां तुमचे परब!"

तिची बोटं कळांवर गेली. प्रेमाने तिला थांबवायला तोंड उघडलं.

बडोद्याचं घर डोळ्यांसमोर आलं. तिने तोंड मिटलं.

शकुने लिहिलं, 'मी.'

डॉलर आला.

प्रेमाला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. तिने पर्स उचलली, दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.

"शकु, निघतेस ना? साडेपाच झाले. बसपर्यंत सोबत जाऊ."

शकुने परबांची खुर्ची पुढे ओढून घेतली होती. तिचा डबा बाजूला होता, न उघडलेला. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

"तू जा गो. माका उशीर होतलो."