चौसष्टांपैकी तेवीस

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी एक अधिव्याख्याता स्वतःचीच यादी करत बसला होता. बढतीच्या अर्जाला ती जोडायची होती. विषय उत्क्रांती मानसशास्त्र. म्हणजे माणूस लाजतो, रुसतो, भाळतो, हे हजारो पिढ्यांत कसं घडत आलं त्याचा अभ्यास. बारा वर्षांत शोधनिबंध अकरा. इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख केला तो चौसष्ट वेळा. त्याने पुन्हा मोजलं. चौसष्टच.

बाहेर पाऊस काचेवर बोटं वाजवत होता.

"माफ करा, हा खंड तुम्ही वाचताय, की नुसतं कोपर टेकलंय?"

त्याने वर पाहिलं. ठिबकणारी छत्री, कपाळावर चिकटलेली बट, आणि डोळे... त्याने घाईघाईने खाली पाहिलं.

"कोपर," तो म्हणाला आणि जुन्या नियतकालिकाचा तो जाडजूड खंड त्याने पुढे सरकवला.

ती समोरच बसली. तिने नेमकं पान उघडलं. निबंध त्याचाच होता. आवडत्या माणसासमोर नजर का झुकते, यावरचा.

"चांगला आहे?" त्याने विचारलं. एवढा धीर कुठून आला, त्यालाही कळलं नाही.

"लिहिलाय सुंदर, पण चुकलाय. या गृहस्थांनी अनोळखी माणसांना समोरासमोर बसवलं, नजर झुकली की घड्याळ लावलं आणि पाच सेकंदांनी मोजणं बंद! म्हणे, नजर झुकणं ही माघार. अहो, सहाव्या सेकंदाला माणूस परत बघतो. सगळी गंमत तिथेच तर आहे!"

"त्यांच्याकडे बहुधा... वेळ कमी असेल."

"वेळ नव्हे, धीर कमी. डोळ्यांसमोर येतात अगदी. साठी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घरी बायकोने अबोला धरलेला."

"बायको नाहीये."

"तुम्हाला काय माहीत?"

त्याचे कान लालबुंद झाले. तिने पानावरचं नाव पाहिलं, टेबलावरच्या अर्जावरचं नाव पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई!"

"आणि तुम्ही," तो हळूच म्हणाला, "चौसष्टांपैकी तेवीस वेळा ज्यांनी माझा उल्लेख केलाय, आणि तेवीसही वेळा पुढे 'परंतु' लिहिलंय, त्या."

"कशावरून?"

"सहाव्या सेकंदावरून. दुसरं कुणी तो धरतच नाही."

"म्हणजे वाचता तुम्ही ते?"

"पाठ आहेत."

"राग नाही आला?"

"आला ना. चौथ्या 'परंतु'पर्यंत. मग पाचवा दोन वर्षं आलाच नाही. तेव्हा काळजी वाटली. म्हटलं, बरं नाही की काय..."

ती एवढ्या मोठ्याने हसली की ग्रंथपालबाईंनी काउंटरवरून चष्मा काढून पाहिलं. "इथे पुस्तकं बोलतात, माणसं नाही!"

ती शहरातल्या एका संशोधन संस्थेत वर्षभरासाठी आली होती. जाताना म्हणाली, "मग? पुन्हा मोजू या? दोघं मिळून?"

शनिवारची सकाळ ठरली. त्याच्या विभागातली छोटी खोली, दोन खुर्च्या, समोरासमोर बसायला आलेले विद्यार्थी आणि पडद्याआड हे दोघे. पाचवा सेकंद झाला की सवयीने त्याचा अंगठा घड्याळाच्या बटणाकडे जायचा. ती आपली पेन्सिल त्याच्या अंगठ्यावर आडवी ठेवायची.

"थांबा ना..."

समोरची मुलगी पापण्या उचलायची.

"बघा! बघितलंत?" ती कानाशी कुजबुजायची.

तो बघत असायचा, पण मुलीकडे नव्हे. त्या दिवशीचे आकडे मग तिलाच लिहावे लागत.

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

"मोजमाप करायला इस्त्रीचा शर्ट लागतो होय रे?"

"प्रयोगात स्वच्छता लागते, आई."

"अस्सं! आणि दाढी दोनदा?"

सहा महिने असे गेले. मग एका मंगळवारी दुपारी ती अवचित विभागात आली. हातात जाड लिफाफा होता, आणि चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर ती बसली. तो दुसरीवर बसला.

"तुमच्या अर्जावर मत द्यायला विद्यापीठाने मलाच सांगितलंय. या विषयात माणसं आहेतच किती! आपण एकत्र काम करतो, हे मी कळवलं. ते म्हणाले, अजून छापून काही आलेलं नाही, चालेल. हे तुम्हाला दाखवायला मनाई आहे. म्हणून दाखवत नाही, वाचते."

"काय... लिहिलंय?"

"चार पानं कौतुक. एक 'परंतु' आहे. हात वळतोच तिकडे." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "अडलंय ते शेवटच्या ओळीवर. 'उमेदवाराशी माझे कोणतेही व्यक्तिगत नाते नाही.' त्याखाली सही. केली, तर दोन महिन्यांत तुम्ही प्राध्यापक. नाही केली, तर कागद परत, परीक्षक नवा, आणि समिती बसणार थेट पुढच्या वर्षी. सांगा, काय करू?"

बारा वर्षं तो या एका सहीची वाट पाहत होता. नव्या पाटीसाठी आईने दारावरची जागासुद्धा हेरून ठेवली होती.

"तुमचं मत काय?" त्याने चाचरत विचारलं.

"माझं मत चार पानं झालंय. आता तुमचं हवंय."

त्याने टेबलावरचं तिचं पेन उचललं. टोपण घट्ट बसवलं.

"सही करू नका."

"कारण?"

"खोटी ठरेल."

"खात्री आहे? निष्कर्ष घाईचा नाही ना?"

"माझ्या बाजूने पक्का आहे. तुमच्या बाजूचं मला..."

"अहो, माझ्या बाजूने काही नसतं, तर सही करून कालच टपालात टाकली नसती का? एवढा अभ्यास करता, आणि हे कळत नाही!"

तो हसला. पोटातून, मोकळा. असा तो हसू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मग आता पुढची ओळ," ती म्हणाली. गाल तापले होते, पण आवाज कार्यालयीन ठेवला. "'नाते असल्यास त्याचे स्वरूप लिहावे.' काय लिहू? परिचित? सहकारी?"

तीन तळटीपा दिल्याशिवाय जो एक वाक्य पुरं करत नसे, तो माणूस एका दमात म्हणाला, "नियोजित पती."

तिने कागदावरून मान वर केली.

"ही... मागणी आहे?"

"ही माहिती आहे. मागणी घालायला रविवारी आईला घेऊन येतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

"वर्ष गेलं हं तुमचं."

"गेलं तर गेलं. तुम्ही होकार देताय का, ते सांगा."

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं, टोपण काढलं, आणि अगदी सावकाश, वळणदार अक्षरात ते दोन शब्द लिहिले. मग कागद त्याच्याकडे फिरवला.

"नीट वाचा. नंतर दुरुस्ती चालणार नाही."

त्याने वाचलं. शाई ओली होती, म्हणून हलकीशी फुंकर घातली. आणि कागद परत देताना तिचा हात हातात आला, तो त्याने सोडलाच नाही.