वेफर्सवाल्याचं तेल

बाजाराच्या मागच्या गल्लीत तेल सांडलं होतं, आणि ती नेमकी तिथेच घसरून धप्पकन बसली. वेफर्सच्या दुकानाच्या मागल्या दारातून एक तरुण हातातला झारा तसाच घेऊन धावत आला.

"लागलं का?"

"कुणाचं तेल आहे हे?"

"माझंच..."

"बरं झालं. मी तेच मागायला निघाले होते."

तो बघतच राहिला. मग आत जाऊन मूठभर पीठ घेऊन आला. "बाहीच्या डागावर चोळा, तेल ओढून घेतं." पीठ देताना त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली. कढईजवळून आलेली, चांगलीच गरम. ते आपल्या लक्षात यावं, याचा तिला जरा रागच आला.

ती विमानतळावरच्या इंधन विभागात नव्यानेच रुजू झालेली अधिकारी. विमानांच्या इंधनात यापुढे काही वाटा स्वच्छ इंधनाचा हवा, असं सरकारने ठरवलं होतं, आणि ते तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बनणार होतं. या बाजारातून ते तेल मिळवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. नाही मिळालं तर इथलं संकलन केंद्र दुसऱ्या शहरात हलणार, आणि त्यामागोमाग तिची बदली.

"म्हणजे माझ्या कढईतलं तेल ढगात जाणार?" तो म्हणाला. "मी अजून विमानात पाय ठेवला नाही, आणि ते माझ्याआधी?"

"ते तुमच्याइतके प्रश्न विचारत नाही."

तो हसला. पण तेल द्यायला काही तयार होईना. अख्ख्या बाजाराचं जळकं तेल त्याचा मामा चढ्या भावाने घेऊन जायचा, आणि वडील गेल्यावर याच मामाने त्याला हे दुकान थाटून दिलं होतं. "त्याला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही हो."

"मग मी रोज येईन," ती म्हणाली.

आणि खरंच आली. दुकानादुकानातून नकार पचवून संध्याकाळी त्याच्या दारात टेकायची. "या सरकार," म्हणत तो स्टूल पुढे करायचा आणि गरम वेफर्सचा पुडा तिच्या हातात ठेवायचा.

"लाच आहे का ही?"

"छे. लाच असती तर मीठ नीट घातलं असतं."

मामालाही ती भेटून आली. "तुमच्याकडे टेम्पो आहे, ओळखी आहेत. रीतसर परवाना घ्या आणि आमच्यासाठी तेल गोळा करा."

"पोरी, माझ्या जन्माआधीपासून विमानं उडतायत," मामा म्हणाला. "माझ्या तेलावाचून त्यांचं काही अडलं नाही." एवढं बोलून त्याने पाठ फिरवली.

एका संध्याकाळी मात्र वेफर्सवाल्याने ना स्टूल पुढे केलं, ना थट्टा. "आज मामाच्या टेम्पोमागे गेलो होतो," तो म्हणाला. "शाळेसमोरच्या भज्यांच्या गाडीवर तेल उतरवलं त्याने. माझंच, काळंकुट्ट. ते गाळून पुन्हा कढईत... आणि माझ्या बहिणीची मुलगी तिथेच उभी राहून खात होती."

तेवढ्यात मामा डबे घ्यायला आला. भाचा हात पुसून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामा, तू मला उभं केलंस, ते मी कधी विसरणार नाही. पण आजपासून तेल तुला देणार नाही."

मामाने आणलेले रिकामे डबे परत टेम्पोत टाकले. टेम्पो सुरू करून निघून गेला. शेजारचे दुकानदार बघत होते. आधी एकजण पुढे आला, मग दुसरा... आणि बघता बघता अर्धा बाजार तिच्या बाजूने झाला.

"माझ्यासाठी नाही ना केलंत?" तिने विचारलं. "तसं असेल तर आत्ताच सांगा. मला असलं ओझं नको."

"तुमच्यासाठी करायचं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं," तो म्हणाला.

तिने स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि टेकली.

केंद्र टिकलं. रोज सकाळी गाडी जाऊन बाजारातलं तेल आणू लागली, आणि तिला तिथे जायला कारणच उरलं नाही. मग एका दुपारी तो डबा घेऊन तिच्या ऑफिसात हजर झाला.

"गाडी सकाळीच येऊन गेली की," ती म्हणाली.

"हे थोडं राहिलं होतं..."

तिने झाकण उघडलं. "रिकामा आहे."

"घाईत भरायचा राहून गेला." त्याचे कान लाल झाले होते. "सरळच सांगतो. तुम्ही येत नाही, तर दुकानात लक्ष लागत नाही. आईला सगळं सांगितलंय. ती भेटायला बोलावतेय."

"आणि मामा?"

त्याचा चेहरा उतरला. "तो आमच्याकडे येतच नाही आता."

तिने पर्स उचलली. "मग आधी त्यांच्याकडे."

"तो दार उघडणार नाही."

"मी ठोठावते. लग्नात मामा रुसलेला मला चालणार नाही."

'लग्नात' हा शब्द दोघांनी एकदमच ऐकला. ती थांबली, पण शब्द मागे घेतला नाही. "चला," एवढंच म्हणाली.

मामाने दार उघडलं. भाच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"परवान्याचं विचारायला आलीस?" मामाने विचारलं.

"नाही, मामा. नात्याचं विचारायला आलेय," ती म्हणाली.

मामाने दार तसंच उघडं ठेवलं आणि आत वळून मामीला चहा टाकायला सांगितलं.