वैभवीचं पर्थ

सकाळी सहाला आमच्या टॉवरच्या पूलवर सहसा कोणी नसतं. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधली निम्मी माणसं तेव्हा झोपलेली असतात आणि उरलेली जिममध्ये पळत असतात. त्या दिवशी मात्र लहान मुलांच्या पूलमध्ये, गुडघाभर पाण्यात, एक उंच माणूस वाकून उभा होता. तोंड पाण्यात घालायचा, बोटांवर आकडे मोजायचा, धापा टाकत वर यायचा आणि काठावरच्या फोनकडे बघायचा. फोनमधला शिक्षक इंग्रजीत सांगत होता — रिलॅक्स.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. "मराठी? मग तर जास्तच लाज वाटली."

"पोहायला शिकताय?"

"सध्या बुडायला शिकतोय. पोहण्याचा कोच तासाला दोनशे दिरहम मागतो. म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! तेवढ्या पैशात सोलापुरात आख्खी विहीर भाड्यानं मिळेल."

"मग सोलापुरातच का नाही शिकलात?"

"आमच्याकडे नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. ते प्यायचं की त्यात पोहायचं?"

मी हसले. तोही हसला... आणि का कोण जाणे, मी म्हणून गेले, "मी शिकवेन. शाळेत असताना शारजाच्या टीममध्ये पोहायचे. फी म्हणून खालच्या कॅफेटेरियातला एक करक, म्हणजे इथला तो दाट दुधाचा चहा."

त्याचं नाव उपेंद्र. तिसाव्या मजल्यावर राहायचा, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी अस्मी, बाविसाव्या मजल्यावर आईबाबांबरोबर. ऑक्टोबरचे दिवस होते. उकाडा नुकता ओसरत होता, काचेच्या टॉवर्समधून ऊन तिरकं पाण्यावर उतरायचं. चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

पाचव्या दिवशी मी त्याला तरंगायला शिकवलं. पाठीखाली माझा तळहात, वर त्याचे घट्ट मिटलेले डोळे.

"अस्मी, हात काढू नकोस हं."

"नाही काढत."

"शपथ?"

"अरे, कधीच काढलाय."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. बुडाला. पण वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ना... मी दिवसभर ऑफिसात तेच आठवत बसले.

चहा पिताना मी सहज विचारलं, "एवढ्या घाईनं कशासाठी शिकतोयस?"

"डिसेंबरच्या सुट्टीत पर्थला चाललोय. ऑस्ट्रेलिया. वैभवी आहे तिथे."

वैभवी त्याची पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण. आठ वर्षं पर्थमध्ये, खाणींच्या कंपनीत इंजिनियर. 'मैत्रीण' म्हणताना त्यानं चहात साखर नसतानाही चमचा फिरवला. मी बघितलं.

तेव्हापासून वैभवी रोज सकाळी आमच्या चहाला यायला लागली — व्हॉइस नोटमधून. आवाज असा, की मधात बुडवून काढलाय. "उपेंद्र, पहिल्या दिवशी किंग्ज पार्क. वरून आख्खी स्वान नदी दिसते. मग फेरीनं पलीकडे." दुसऱ्या दिवशी, "शनिवारी फ्रीमँटलचं मार्केट. तिथे मी तुला..." पुढचं ऐकण्याआधी उपेंद्रनं फोन कानाला लावला. कानाची पाळी लाल झाली.

"आणि रॉटनेस्ट बेट!" एकदा तो उत्साहानं म्हणाला. "गाड्या नाहीत, सगळे सायकलवर. आणि तिथे क्वोक्का असतो. मांजराएवढा, कांगारूचा छोटा भाऊ. कायम हसतोय असं वाटतं."

"चावतो," मी म्हटलं.

"फोटोत तर किती गोड दिसतो."

"गोड हसणारे सगळेच चांगले नसतात."

"हे क्वोक्काबद्दल चाललंय ना?" त्यानं मान तिरकी करून विचारलं.

"यल्ला, चल, चहा संपव."

माझी अवस्था काय सांगू! पर्थला मी कधी गेले नव्हते, पण तिथली फेरी कुठून सुटते आणि कॉटस्लोच्या किनाऱ्यावर सूर्य किती वाजता मावळतो, मला पाठ झालं. प्रत्येक ठिकाणी मी मनात त्या दोघांना उभं करून बघायचे आणि जळायचे. एकदा आई म्हणाली, "अस्मी, पर्थला नोकरी बघतेयस का? टॅबवर सगळं तेच उघडं असतं."

"Mamma, please!" मी टॅब उचलून खोलीत गेले.

सर्वांत वाईट काय, तर मी त्याला शिकवत होते ते तिच्यासाठी. त्याच्या श्वासाची लय मी बसवली, पाय मी सरळ केले, मास्क आणि नळी लावून पाण्यात डोकं ठेवायला मी शिकवलं. आणि हे सगळं तो रॉटनेस्टच्या निळ्या पाण्यात वैभवीच्या शेजारी वापरणार होता!

नोव्हेंबरच्या शेवटी त्यानं न थांबता पूलच्या चार फेऱ्या मारल्या. काठाला आला, केस मागे सारले. "बाई, परीक्षा पास?"

तेवढ्यात फोन वाजला. ओल्या बोटांनी त्यानं नोट लावली. "रॉटनेस्टच्या बोटीचं बुकिंग झालं. ग्रुप नाही घेतला रे. फक्त तू आणि मी."

तो हसला. लाजून.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तू तयार नाहीस. पूल वेगळा, समुद्र वेगळा. लाट आली की घाबरशील. माझं ऐक... तिथे पाण्यात उतरू नकोस."

त्याचं हसू विझत गेलं. वाद घातला नाही, 'का' विचारलं नाही. माझ्यावर इतका विश्वास होता त्याचा. "बरं," म्हणाला आणि टॉवेल गुंडाळून गेला.

दोन दिवस तो पूलवर आला नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं, तर आत तोच. एकटा.

"वैभवीला कळवलं," तो म्हणाला. "बोट रद्द केली. मी वाळूत बसेन, तसंही मला सवय आहे. कॉलेजची ट्रिप तारकर्लीला गेली होती. सगळे समुद्रात आणि मी काठावर, सगळ्यांच्या चपला आणि फोन सांभाळत. तीन तास. त्यानंतर दरवर्षी ठरवायचो, पुढच्या वर्षी शिकू. वाटलं होतं, या वेळी तरी..."

त्यानं खांदे उडवले. लिफ्ट सतराव्यावर होती. मला वाटत होतं मी त्याला वैभवीपासून लांब ठेवलं. मी त्याला समुद्रापासून लांब ठेवलं होतं.

"उपेंद्र, मी खोटं बोलले."

"कशाबद्दल?"

"तू तयार आहेस. दहा दिवसांपूर्वीच झालास. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांपेक्षा तू चांगला पोहतोस."

"मग... का?"

"तिथे ती आहे म्हणून." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. "फक्त तू आणि ती. मला सहन नाही झालं."

मजल्यांचे आकडे उतरत गेले. चौथा. तिसरा. दार उघडलं.

"दोन महिने तू माझी भीती काढलीस, अस्मी," तो हळू म्हणाला, "आणि एका वाक्यात तूच परत घातलीस."

तो गेला. लॉबीतल्या गार हवेत मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

सुट्टी लागली आणि तो पर्थला गेला. मला एक ओळही नाही. पण स्टेटस होतं. किंग्ज पार्क — मी नाव वाचायच्या आधी ओळखलं. मार्केटमधल्या गर्दीत मोठ्या गॉगलची वैभवी, सुंदर, अगदी आवाजासारखीच. सायकलशेजारी उपेंद्र आणि त्याच्या पायाशी एक क्वोक्का. मला त्या क्वोक्काचाही हेवा वाटला. खलास झाले होते मी!

आणि मग एक व्हिडिओ. निळंशार पाणी, वर तरंगणारी नळी. लाट आली. तो वर गेला, खाली आला, पोहत राहिला. मग डोकं काढून त्यानं दोन्ही हात वर केले, आणि कॅमेऱ्यामागून वैभवी ओरडली, "जमलं रे!"

मी तो अकरा वेळा बघितला. रडलेसुद्धा. शेवटी त्याला एवढंच लिहिलं — 'उजवं कोपर खाली पडतंय.'

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी मी खोल बाजूचा काठ धरून तरंगत होते, तर पलीकडून कोणीतरी पाण्यात उतरलं. सपसप हात मारत सरळ माझ्याकडे आलं. उन्हानं रापलेला, नाक सोललेलं.

"कधी आलास?"

"काल." त्यानंही काठ धरला. आमच्या मध्ये हातभर पाणी हलत होतं. "वैभवीनं विचारलं, कायमचा तिकडे येशील का. नोकरी आहे. आणि... ती आहे."

"मग?"

"मी दोन दिवस विचार केला."

"दोन दिवस?"

"तुझा राग आला होता, खूप. रागात माणूस पटकन 'हो' म्हणून टाकतो, म्हणून थांबलो. संध्याकाळी कॉटस्लोला बसलो होतो. समोर सूर्य बुडत होता, शेजारी ती छान बोलत होती. आणि मी मनात मोजत होतो, दुबईत आत्ता तीन वाजले असतील, अस्मी जेवली असेल का? शेवटी तीच म्हणाली, 'उपेंद्र, तू इथे नाहीयेस.'"

"म्हणजे तिनं सांगितल्यावर कळलं तुला?"

"अस्मी! तू यावरही जळणार?"

"हो." मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. "मला तू आवडतोस, उपेंद्र. हे आधी सांगायला हवं होतं, त्याऐवजी खोटं बोलले. तसं पुन्हा करणार नाही. पण जळणं... ते माझ्या हातात नाही."

"जळ की," तो म्हणाला. पाण्यातून एवढंसं जवळ आला. "फक्त मला सांगून जळ."

मी लगेच सुरुवात केली.

"ती सोडायला एअरपोर्टवर आली होती?"

"...हो."

"मिठी मारली?"

"मारली."

"किती वेळ?"

तो इतका हसला की त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत त्यानं माझा हात धरला, आणि खोकला थांबल्यावरही सोडला नाही.